नोकरी गेली की डोक्यात काय काय होतं आणि कोणी काय करायचं

नोकरी गेलेल्या माणसाला लोक सगळ्यात आधी सांगतात पॉझिटिव्ह राहा, होईल काहीतरी. मग सांगतात रिझ्यूमे पाठवून ठेव, बघतो मी. दोन्ही चांगल्या मनानेच सांगतात पण उपयोग जवळपास शून्य. कारण 22 वर्षांचा मुलगा ज्याला अजून पहिलीच नोकरी लागत नाहीये, 45 चा माणूस ज्याच्या पगारावर अख्खं घर चालत होतं, मूल झालं म्हणून थांबलेली बाई जिला आता परत कामावर जायचंय, आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस ज्याला कोणी इंटरव्यूलाच बोलवत नाही, या चौघांच्या डोक्यात चार वेगळ्या गोष्टी चालू असतात. पैसे चौघांकडेही नाहीयेत पण पैशासोबत अजून काय गेलंय किंवा काय अजून मिळालंच नाहीये ते प्रत्येकाचं वेगळं. ते आधी शोधायचं आणि मग त्याच जागी औषध लावायचं. लेख लांब झालाय, सगळा वाचलाच पाहिजे असं काही नाही, पहिला भाग वाचा आणि मग आपापला गट शोधा.

आधी नक्की काय गेलंय ते बघा

1930 च्या आसपास ऑस्ट्रियात मारियनथाल नावाच्या गावातली कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गावच बेकार झालं. मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोक दिवसभर करतात काय हे बारकाईने नोंदवलं आणि 1933 मध्ये ते छापलं. आपल्याला वाटेल की एवढा रिकामा वेळ मिळाला म्हणजे लोकांनी पुस्तकं वाचली असतील, गावाच्या संस्थांमध्ये भाग घेतला असेल. झालं उलटंच, लायब्ररीतून पुस्तकं घेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, ते पण फी माफ केलेली असताना. बऱ्याच पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडून दिलं. रस्त्याने चालताना पुरुष रेंगाळत, मधेच थांबत चालायचे आणि बायका भरभर, कारण बायकांचं घरकाम काही बंद झालं नव्हतं.

याहोडाने पुढे यातूनच मांडलं की नोकरी पगारासोबत आणखी पाच गोष्टी न मागता देत असते. दिवसाला आकार येतो, घराबाहेरची माणसं भेटतात, आपण कोणत्यातरी मोठ्या कामाचा भाग आहोत असं वाटतं, समाजात एक ओळख मिळते, आणि हातपाय डोकं चालू राहतं. नोकरीत असताना यातलं काहीच जाणवत नाही, उलट सोमवारी सकाळी आपण त्यालाच शिव्या घालत असतो.

तर एक कागद घ्या आणि त्यावर सहा शब्द लिहा. पैसे, वेळ, माणसं, ओळख, उपयोग, हालचाल. प्रत्येकासमोर शून्य ते दहा मार्क द्या की हे गेल्यामुळे मला किती त्रास होतोय. खरे मार्क द्या, कोणाला दाखवायचे नाहीयेत. बऱ्याच जणांना वाटतं की पैशाला दहा येतील आणि बाकी सगळं किरकोळ असेल, पण सहा महिन्यांची सेव्हिंग्ज असलेल्या माणसालाही झोप लागत नाही तेव्हा समजायचं की दुखणं दुसरीकडे आहे. ज्या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त मार्क मिळाले त्यांच्यावरच आधी काम करायचं, सहाच्या सहा एकदम सुधारायला गेलात तर आठवड्यात सोडून द्याल.

आणि हा त्रास होणं म्हणजे आपण मनाने कच्चे आहोत असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर या दोघांनी 2009 मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात बेकार लोकांमध्ये मानसिक त्रास असलेले सरासरी 34 टक्के निघाले आणि नोकरीत असलेल्यांमध्ये 16 टक्के. दुपटीहून जास्त. आधीपासून खचलेल्यांच्याच नोकऱ्या जात असतील असं कोणी म्हणेल, तर त्यांनी तीच माणसं काही काळाने परत तपासलेले अभ्यासही घेतले होते, नोकरी गेल्यावर तब्येत बिघडते आणि परत लागल्यावर सुधारते हे त्यात दिसतं. म्हणजे परिस्थितीचा दोष तुमच्या स्वभावावर ढकलायचं कारण नाही.

पहिले काही आठवडे

सुरुवातीला काही जणांना चक्क हलकं वाटतं, सुट्टी लागल्यासारखं, आणि मग त्याचंच गिल्ट येतं. काहींना काहीच वाटत नाही. दोन्ही नॉर्मल आहे. या काळात तीन कामं उरकून टाका.

घरात सांगा. रोज डबा भरून बाहेर पडायचं आणि संध्याकाळी परत यायचं असं नाटक करणारी माणसं खरोखर असतात, आणि ते नाटक जितके दिवस चालतं तितकं सांगणं अवघड होत जातं, शेवटी घरच्यांना नोकरी गेल्याचं कमी आणि खोटं बोलल्याचं जास्त लागतं. सांगताना सोबत पुढच्या महिन्याचा प्लॅन सांगा, अर्धवट असला तरी चालेल.

पैशाचा हिशोब एका बैठकीत पूर्ण करा. आहेत त्यात किती महिने निघतात हा एकच आकडा पाहिजे. आकडा वाईट असला तरी तो माहीत असणं बरं, कारण माहीत नसेल तर रात्री दोन वाजता डोकं स्वतःचा आकडा तयार करतं आणि तो नेहमी भयंकर असतो.

तिसरं थोडं विचित्र वाटेल. सलग पाच दिवस रोज 20 मिनिटं लिहा, नोकरी गेल्याबद्दल जे जे वाटतंय ते, राग, लाज, बॉसला द्यायच्या राहिलेल्या शिव्या, सगळं. 1994 मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या इंजिनिअर लोकांवर हे करून बघितलं, मनातलं लिहिणाऱ्यांना नुसतं दिवसाचं प्लॅनिंग लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. ते जास्त ठिकाणी अर्ज करत होते म्हणून लागल्या असंही नव्हतं. माझा अंदाज असा की आतला राग कागदावर निघाला की तो इंटरव्यूत बाहेर येत नाही, जुन्या कंपनीबद्दल विचारल्यावर ज्यांचा आवाज बदलतो त्यांना समोरचा लगेच ओळखतो. लिहिलेलं नंतर फाडून टाका, कुठे पोस्ट बिस्ट करू नका.

दिवस बांधून घ्या

हे सगळ्या गटांना लागू आहे. पूर्ण टाइमटेबल करू नका, ते टिकत नाही. तीनच वेळा ठरवा. उठायची वेळ, घराबाहेर पडायची वेळ, आणि नोकरी शोधणं बंद करायची वेळ. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी ठरवत नाही. नोकरी शोधण्याला ऑफिस सुटण्यासारखी वेळ नसते, मग माणूस जेवताना पण जॉब साइट स्क्रोल करत बसतो आणि रात्री अकराला आलेला रिजेक्शनचा मेल बघून झोप घालवतो. दिवसाचे तीन चार तास नीट शोधा, एकदा वेळ संपली की लॅपटॉप बंद आणि मेलचं नोटिफिकेशन पण बंद. उरलेल्या दिवसात काय करायचं तर मार्कांचा तो कागद काढा. माणसं गेल्याचा त्रास जास्त असेल तर रोज एकाला तरी समोरासमोर भेटायचं, हालचाल असेल तर चालायला जा, उपयोग असेल तर कोणाचं तरी काम अंगावर घ्या ज्यात तुम्ही गेला नाहीत तर त्यांचं अडेल.

पहिलीच नोकरी मिळत नसेल तर

तुमचं काही गेलेलं नाहीये, तुमचं सुरूच झालेलं नाही, आणि म्हणून लोक याला गंभीर धरत नाहीत, वय लहान आहे लागेल की. पण मला वाटतं ओळखीचा त्रास सगळ्यात जास्त याच गटाला होतो. 40 च्या माणसाकडे निदान मी अमुक होतो असं सांगायला असतं. तुमच्याकडे शिक्षण संपलंय आणि पुढचं नाव नाही, आणि बरोबरचे लोक रोज नवीन जॉइनिंगचे फोटो टाकतायत. इथे पहिलं काम म्हणजे ते फोटो बघणं कमी करणं, लोकांना म्यूट करून टाका, त्यांना कळत पण नाही.

दुसरं काम, सध्या काय करतोयस या प्रश्नाचं एक वाक्याचं उत्तर आजच तयार करा. अमुक शिकतोय आणि तमुक क्षेत्रात नोकरी बघतोय, बास. पाठ करा. या एका प्रश्नाच्या भीतीने मुलं समारंभाला जाणं सोडतात, मग मित्रांचे फोन उचलणं सोडतात, आणि एकटी पडतात.

तिसरं, मार्क रिझल्टला देऊ नका कारण रिझल्ट तुमच्या हातात नाही. आठवड्यात किती अर्ज नीट वाचून केले, किती लोकांशी बोललो, एखादी गोष्ट शिकून पूर्ण केली का, हे मोजा. छोटं काम मिळत असेल, अगदी तात्पुरतं किंवा आपल्या शिक्षणाशी संबंध नसलेलं, तरी बरेचदा घेतलेलं बरं. तरुणपणी लांबलेल्या बेकारीचे परिणाम पुढच्या पगारावर आणि मनावरही बरीच वर्षं दिसतात, त्यामुळे परफेक्ट नोकरीची वाट बघत वर्ष घालवणं महागात पडतं. मात्र त्या कामामुळे खरी नोकरी शोधायला आठवड्यात एकही दिवस उरत नसेल तर नको.

आईवडील वाचत असतील तर त्यांना एकच विनंती, दुसऱ्यांच्या मुलांचे पगार घरात सांगू नका.

ज्यांच्यावर घर चालत होतं

पॉल आणि मोझरच्या आकड्यांत पुरुषांना बायकांपेक्षा आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना ऑफिसवाल्यांपेक्षा जास्त त्रास दिसला. पुरुषांचं कारण कळायला अवघड नाही, लहानपणापासून कमावतो तो पुरुष हेच ऐकलेलं असतं, मग कमाई गेली की माणसाला वाटतं घरातली आपली जागाच गेली. हे दुःख म्हणून बाहेर येत नाही हे लक्षात ठेवा, ते चिडचिड म्हणून येतं, मुलांवर ओरडणं, बायकोने किती खर्च केला त्याचा हिशोब मागणं, गप्प बसून राहणं, दारू वाढणं. घरच्यांना वाटतं याला आमचा राग आलाय.

उपाय म्हणजे घरात मदत करतो असं मोघम म्हणण्याऐवजी एक पूर्ण जबाबदारी घ्या जी फक्त तुमची. सकाळची मुलांची तयारी, आईवडिलांचे डॉक्टर, रात्रीचा स्वयंपाक, काहीही, पण पूर्ण, सांगावं न लागता. कमावत असलेल्या जोडीदाराला याने खरा आराम मिळतो आणि तुम्हाला उपयोगाचा कॉलम भरता येतो. दारूचं म्हणाल तर या काळात घरात न आणणं हा सगळ्यात सोपा नियम, प्यायचीच असेल तर बाहेर, लोकांमध्ये आणि शोधाचं काम संपल्यावर.

मुलांना सांगायचं का? सांगायचं, वयाला झेपेल एवढं. मारियनथालमध्ये मुलांना ख्रिसमसला काय पाहिजे ते लिहायला सांगितलं होतं, तर त्यांच्या इच्छा आसपासच्या गावातल्या मुलांपेक्षा स्वस्तातल्या होत्या, आणि बरीच मुलं सरळ मला हे पाहिजे असं न लिहिता आईबाबांकडे पैसे असते तर मला हे आवडलं असतं अशा भाषेत लिहीत होती. म्हणजे मुलांना कळतंच, न सांगता कळलं तर ती मनातल्या मनात स्वतःला कारण समजतात एवढाच फरक. बाबांची नोकरी बंद झाली, ते दुसरी शोधतायत, काही खर्च कमी करू, शाळा चालू राहील. चार वाक्यं पुरतात. आणि शाळेचं वाक्य खरं असेल तरच बोला.

ज्या बायकांना परत कामावर जायचंय

इथे सगळ्यात मोठा त्रास हा की तुम्हाला त्रास होतोय हे कोणी मानतच नाही. तुला काय, घर आहेच की. आकडेवारीत पण असंच होतं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बेकार म्हणजे ज्याला काम नाही, जो कामाला उपलब्ध आहे आणि जो सक्रियपणे शोधतोय. दोन वर्षं शोधून कंटाळून थांबलेली बाई त्या व्याख्येत बसतच नाही, ती सरळ मोजणीतून बाहेर. काम करायची इच्छा मात्र तशीच असते.

वेळेच्या कॉलममध्ये तुमचे मार्क कमी येतील कारण दिवस तर कामांनी भरलेला आहे, मारियनथालच्या बायका भरभर चालत होत्या तसंच. माणसं आणि ओळख या दोन ठिकाणी जास्त येतील. म्हणून वर जे दिवस बांधायचं सांगितलं ते तुमच्यासाठी उलटं करा, दिवसातून वेळ कापून काढायचा आहे. रोजचे दोन तास ठरवा आणि घरात सांगा की या वेळात मी नोकरी शोधते, दार बंद असेल. सुरुवातीला सगळे दार वाजवतात, दोन आठवडे टिकलात की कमी होतं. गॅपबद्दल रिझ्यूमेवर एक सरळ ओळ लिहा, अमुक ते अमुक साल कुटुंबाच्या जबाबदारीसाठी काम थांबवलं होतं. माफी मागायच्या सुरात अजिबात नको. आणि पहिले दोन तीन इंटरव्यू अशा ठिकाणी द्या जिथली नोकरी नाही मिळाली तरी चालेल, कारण आत्मविश्वास घरी बसून येत नाही, तोंड उघडायची सवय परत लागावी लागते.

पन्नाशीच्या पुढे

खरं बोलायचं तर इथे वेळ जास्त लागतो, आणि वय हे कारण कोणी तोंडावर सांगत नाही, मेलला उत्तरच येत नाही. त्यामुळे शंभर ठिकाणी ऑनलाइन अर्ज करणं हा स्वतःला खच्ची करायचा हमखास रस्ता आहे. तुमची ताकद ओळखीत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात दाखवलं होतं की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. 30 वर्षं काम केलेल्या माणसाकडे अशा लांबच्या ओळखी शेकड्याने असतात, फक्त फोन करायची लाज वाटते. आठवड्याला पाच फोन. नोकरी दे म्हणायचं नाही, तुमच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय एवढंच विचारायचं, बाकी समोरचा समजतो.

दुसरी गोष्ट जरा मनाविरुद्धची. जर्मनीत क्लेमेन्स हेत्श्को आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की बराच काळ बेकार असलेली माणसं जेव्हा अधिकृतपणे निवृत्त होतात तेव्हा त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या रोजच्या जगण्यात काही बदललेलं नसतं, बदलतं ते फक्त नाव. बेकारचा निवृत्त झाला. यावरून मी असं म्हणेन की 58 वर्षांचे असाल आणि हिशोबात बसत असेल तर स्वतःला एक तारीख द्या, या तारखेपर्यंत पूर्ण वेळेची नोकरी शोधणार, त्यानंतर मी निवृत्त आणि जमेल तसं सल्ल्याचं किंवा अर्ध्या वेळेचं काम. हिशोबात बसत नसेल तर हा पर्याय नाही, उगाच कोणाच्या बोलण्यात येऊन घेऊ नका.

बाकीचे काही

रोजंदारीवर किंवा कंत्राटावर असलेल्यांना मनाच्या गोष्टी सांगणं ही कधीकधी चेष्टा असते. ज्याच्याकडे पुढच्या आठवड्याचे पैसे नाहीत त्याचं टेन्शन पैशाचंच आहे, त्यावर ध्यान करा हे उत्तर नाही. तिथे आधी मिळेल ते काम, सरकारी किंवा संघटनेची मदत मिळत असेल तर तिचा अर्ज, आणि उधारी कोणाची आधी फेडायची ते ठरवणं. अर्ज करायला सोबत कोणाला तरी न्या, खचलेल्या माणसाला फॉर्म भरणंसुद्धा डोंगर वाटतो.

लेऑफमध्ये एकदम बरेच जण गेले असतील तर लाज कमी वाटते, आजूबाजूला बेकार जास्त असले की एकेकट्याला कमी लागतं हे अभ्यासात पण दिसलंय. फक्त त्या ग्रुपवर रोज कंपनीला शिव्या एवढंच चालू राहिलं तर सगळे मिळून बुडतात. तोच ग्रुप आठवड्यातून एकदा एकमेकांचे रिझ्यूमे तपासायला वापरा.

आधीपासून डिप्रेशनची किंवा इतर गोळी चालू असेल तर खर्च वाचवायला ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सरळ सांगा की नोकरी गेलीये, स्वस्त पर्याय असतो.

नकार पचवायची तयारी आधीच

मिशिगन विद्यापीठात नोकरी गेलेल्यांसाठी जॉब्स नावाचा एक कार्यक्रम बनवला होता, पुढे फिनलंडमध्ये पण वापरला गेला. त्यात नोकरी शोधायचं कौशल्य तर शिकवायचेच पण सोबत नकार येणारच हे धरून त्याची तालीम करून घ्यायचे, आणि सगळं गटात. भाग घेतलेल्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं कमी झाली, ज्यांना धोका जास्त होता त्यांना जास्त फायदा झाला. घरच्या घरी असं करा की मोठा इंटरव्यू द्यायच्या आधीच लिहून ठेवा, नाही म्हणाले तर त्या दिवशी मी काय करणार, कोणाला फोन करणार, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणता अर्ज पाठवणार. नकार आल्यावर डोकं चालत नाही, तेव्हा कागद वाचायचा आणि तसं करायचं. आणि तीन चार जण जमवा जे पण शोधतायत, आठवड्यातून एकदा भेटा.

घरच्यांनी रोज काय झालं, फोन आला का विचारू नये. आठवड्यातली एक वेळ ठरवा, त्या वेळी माणूस स्वतः सांगेल, इतर दिवशी दुसऱ्या विषयावर बोला.

डॉक्टरकडे कधी

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन बुडालेलं असेल, आधी आवडायचं ते काहीच नको वाटत असेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, तर नोकरी लागली की होईल बरं म्हणून थांबू नका, कारण या अवस्थेत नोकरी शोधताच येत नाही. जगून काय उपयोग, मी नसलो तर यांचं बरं होईल, असे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका, तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. घरातल्या कोणी असं बोलून दाखवलं तर लक्ष वेधून घेतोय म्हणून सोडून देऊ नका, स्पष्ट शब्दांत विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

नोकरी लागल्यावर

लोकांना वाटतं इथे विषय संपला. रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये जर्मनीतल्या 24,000 लोकांच्या 15 वर्षांच्या नोंदी बघितल्या, परत नोकरी लागल्यावरही समाधान सरासरी आधीच्या पातळीला पूर्ण पोचलं नाही. म्हणजे नवीन ऑफिसात बॉसने केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा येणार, प्रत्येक कामाला हो म्हणणार, सुट्टी मागायला घाबरणार. निदान पहिलं वर्ष हे होणार असं धरून चाला. एका महिन्याचा खर्च भागेल एवढे पैसे साठेपर्यंत नवीन हप्ता घेऊ नका, मग दोन, मग तीन महिन्यांचे साठवा. बेकारीत जी एक जबाबदारी घरात घेतली होती ती सोडू नका. आणि ते जे तीन चार जण दर आठवड्याला भेटत होते त्यातल्या कोणाचं अजून झालं नसेल तर तुमची नोकरी लागली तरी भेटायला जात राहा, जमलं तर तुमच्या नवीन ऑफिसातल्या जागा त्यांना कळवा.